कॅटेगरी म्हंजे शिवी आहे का, मामा?

(कोऱ्हाळे बुद्रुक इथं वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त दोनचार शिव्या गाळल्यात.)

मित्रांनो, बायांनो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या पोरांनो,

अध्यक्षमहाशय वगैरे म्हणत नाही. इथं खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर माईकचं मशीन ठेवलंय. पुण्याहून, पिंपरीहून जे आलेत त्यांना सांगतो, तुम्ही ज्या गावात बसलाय त्याचं नाव नीट ऐका. कोऱ्हाळे बुद्रुक. पलीकडं कोऱ्हाळे खुर्द. बुद्रुक म्हंजे थोरलं, खुर्द म्हंजे धाकटं. फारसीतला 'बुजुर्ग' घासून घासून बुद्रुक झाला. म्हंजे गावाच्या नावातच उतरंड. आणि गावाच्या आत आणखी एक उतरंड, तिला फारसी लागत नाही, ती शुद्ध मराठी आहे.

आज मला मोर्चावर बोलायचं नाही, निवडणुकीवर तर नाहीच. शाळेतल्या पोरांच्या तोंडच्या शब्दांवर बोलायचंय. हसू नका. हा विषय बारका वाटतो खरा, पण ह्यापायी माझ्या घरातली एक पोरगी शाळा सोडायच्या बेतात आलीय.

झालं असं. नीरा-बारामती रस्त्यावर एस.टी.त बसलो होतो. शेजारी माझी भाची, आठवीत शिकती. खिडकीबाहेर बघत बघत एकदम म्हणाली, ''मामा, कॅटेगरी म्हंजे शिवी आहे का?''

मी म्हणालो, ''नाही गं. कॅटेगरी म्हंजे वर्ग. प्रवर्ग. सरकारी शब्द आहे.''

ती म्हणाली, ''मग वर्गात हसतात कशाला?''

मी गप्प. तिचं गाव आलं, ती उतरली. मी मात्र बसलो तो बसलोच. बारामतीचा स्टँड आला तरी माझं उत्तर तयार नव्हतं. एवढी पुस्तकं वाचली, एवढी भाषणं ठोकली, नि तेरा वर्षांच्या पोरीनं एका वाक्यात माझा पोपट केला.

मग बहिणीकडनं कळलं. शाळेचं नाव घेत नाही, आणि तुम्हीही इथं घेऊ नका. वर्गात शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की गुरुजी म्हणतात, कॅटेगरीवाले उभे राहा. सात-आठ पोरं-पोरी उभी राहतात. पोरांनी त्याचं पुढं सगळं करून ठेवलंय. कॅटेगरीचं बाकडं. कॅटेगरीचा डबा. पेपरला मार्क कमी पडले की, ''चालतंय की, तुला कॅटेगरी आहे.'' मार्क जास्त पडले की, ''कॅटेगरीतनं पडले असतील.'' म्हंजे पडले तरी तीच, चढले तरी तीच. ह्या वर्षी फॉर्म आले तेव्हा भाची उभीच राहिली नाही. बाकावर खाली मान घालून बसली. गुरुजींनी विचारलं, तर म्हणाली, मी नाही त्यातली.

मित्रांनो, बाबुराव बागुलांनी 1963 साली 'जेव्हा मी जात चोरली होती' हे पुस्तक दिलं. आपण ते डोक्यावर घेतलं, घ्यायलाच पाहिजे होतं. पण आज ह्या तालुक्यात एक आठवीतली पोरगी भर वर्गात जात चोरती, आणि तीही कशासाठी, तर शंभर रुपयांच्या शिष्यवृत्तीपासनं सुटका व्हावी म्हणून!

शंभरच म्हणतोय मी. हिशोब ऐका. सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची शिष्यवृत्ती. कित्येक वर्षं तिचा दर ठरलेला होता: पाचवी ते सातवीच्या मुलीला महिन्याला 60, आठवी ते दहावीला 100, तेही वर्षातले दहाच महिने. त्याच्याही खालची गोष्ट म्हंजे उपस्थिती भत्ता. 1992 साली निघाला. पहिली ते चौथीतल्या गरीब घरच्या, दलित-आदिवासी मुलीनं शाळेत हजर राहिलं तर दिवसाला 1 रुपया. एक! वर्षभर झिजली तर जास्तीत जास्त 220 रुपये. आणि एवढ्यावर आपल्याला पदवी काय मिळाली? सरकारी जावई!

जावई म्हंजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. जावयाला धोंड्याच्या महिन्यात अनारसे लागतात, तेहतीस लागतात. दिवसाला एक रुपया घेणारा जावई कुणी बघितलाय? मग ह्याच गावातनं बघा जरा. इथला ऊस कशावर उभा आहे? नीरा डाव्या कालव्यावर. 1876-77 च्या दुष्काळानंतर ब्रिटिश सरकारनं हे काम काढलं, उपाशी माणसांच्या हातनं खणून घेतलं. खणणाऱ्यांत आपले किती असतील ते सांगायला नको. पाणी गेलं ज्याची जमीन त्याच्याकडं. पुढं महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने निघाले, त्यांना सरकारनं भागभांडवल दिलं, कर्जाला हमी दिली. मी ते चूक म्हणत नाही. शेतकऱ्याला पाणी मिळालं, कारखाना मिळाला, बरंच झालं. मी एवढंच विचारतो, त्या पाण्यावर, त्या हमीवर शिकलेल्या पोराला शाळेत कुणी सरकारी जावई म्हटलं का? 2019 साली घटनादुरुस्ती झाली, ओपनमधल्या गरिबांना ईडब्ल्यूएसचे 10 टक्के मिळाले. 2022 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं ते कायम केले. दाखले निघाले, प्रवेश झाले. पण त्या पोरांना कोण कॅटेगरी म्हणतं? दाखला त्यांच्याही खिशात असतो, शब्द मात्र आपल्याच कपाळावर.

भाचीच्या प्रश्नाला मला इथनं वाट सापडली. एखादा शब्द शिवी आहे का नाही, हे डिक्शनरी बघून कळत नाही. तो उलटा फेकून बघायचा. पोरगी म्हणाली, ''ए ओपन, सरक तिकडं!'' तर समोरचा पोरगा काय करंल? हसंल. कॉलर ताठ करंल. त्याला लागणारच नाही. म्हंजे तिच्याकडं जो दगड आला तो तिनं उचलून मारला तर त्याचं फूल होतं. असला एकेरी दगड, तो सरकारी असो का गावठी, शिवीच असतो. पुढच्या खेपेला भाची भेटली तेव्हा मी तिला सांगितलं, होय बाई, शिवी आहे. मी चुकलो होतो.

आता गंमत बघा, हे शब्द कसे कपडे बदलतात. आमच्या आज्याला गावात वाकून 'जोहार' घालावा लागायचा. मग कामठीच्या बाबू हरदासांनी 'जय भीम' दिला. ताठ मानेचा नमस्कार. आज शाळेत काय ऐकू येतं? ''तो जयभीम आहे.'' ''त्यांच्यात जयभीम असतात का?'' नमस्काराची जात करून टाकली! कुजबुजत म्हणतात, रोग झाल्यासारखं. 'हरिजन'चं तेच झालं. गांधींनी शब्द चालवला. 1938 च्या जानेवारीत मुंबईच्या विधिमंडळात हा शब्द कायद्यात घालायचा घाट होता, तेव्हा भाऊराव गायकवाडांनी विरोध केला, मतदानात हरले, आणि बाबासाहेबांसकट आपली माणसं सभात्याग करून बाहेर पडली. त्या वेळी लोक म्हणाले असतील, शब्दासाठी एवढं काय? मग सरकारला कधी कळलं? 1982 साली केंद्रानं फर्मान काढलं, दाखल्यावर हरिजन लिहू नका. 2017 साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, हा शब्द अपमानकारक आहे. म्हंजे 1938 चं सांगणं कळायला 79 वर्षं लागली.

2020 च्या डिसेंबरात राज्य सरकारनं ठरवलं की जातीवरनं पडलेली वस्त्यांची नावं बदलायची. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती पुसायचं आणि समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर लिहायचं. चांगलं केलं, पाटी बदललीच पाहिजे. पण आमच्या शेजारच्या पोरानं मला काय सांगितलं? पत्ता विचारला आणि त्यानं समतानगर म्हटलं की समोरचा म्हणतो, ''हां हां, कळलं.'' नुसतं एवढंच. कळलं! समता ह्या शब्दाचा वास यायला लागला ह्यांना. पाटी बदलली, नाक तेच राहिलं.

आणि कायदा कुठं उभा आहे? अॅट्रॉसिटीचा कायदा 1989 चा, 2015 ला दुरुस्त झाला. लोकांच्या देखत जातीचं नाव घेऊन शिवी दिली तर गुन्हा. बरोबर आहे. पण कॅटेगरी हे कुठल्या जातीचं नाव आहे? समतानगर हे कुठल्या जातीचं? 'कळलं' ह्या शब्दावर कोणता फौजदार गुन्हा लिहून घेईल? कायदा जुन्या शब्दाच्या घरी बेड्या घेऊन गेला, तोवर शब्द घर बदलून मोकळा.

शहरातल्या मित्रांना वाटत असंल, हे खेड्यातलं चाललंय. नाही दोस्तांनो. पवईला आयआयटीत नवा पोरगा गेला की पहिला प्रश्न येतो, रँक काय? दिसायला प्रश्न अभ्यासाचा. असतो जातीचा. 2023 च्या फेब्रुवारीत तिथं दर्शन सोळंकी हा पहिल्या वर्षाचा दलित मुलगा गेला. त्याच वर्षी पुढं संस्थेनं लेखी सांगितलं, एकमेकांना रँक विचारू नका, ते योग्य नाही. म्हंजे त्यांना अर्थ ठाऊक होता. आमच्याकडं जे काम 'आडनाव काय?' करतं, तेच काम तिथं इंग्रजीतनं 'रँक' करतो. पगारवाढ झाल्यावर माणूस घर बदलतो, तसा शब्दही फ्लॅटमध्ये राहायला गेला.

आमच्या लहानपणी आम्ही पोरं 'च'ची भाषा बोलायचो. पहिलं अक्षर शेवटाला ढकलायचं, त्याच्या जागी च घालायचा. काय म्हंजे चायक. पाणी म्हंजे चाणीप. आया-बायांना कळायचं नाही, आम्हाला मजा. मोठं झाल्यावर कळलं, व्यापाऱ्यांची पण अशी नंदभाषा असायची. गिऱ्हाइकासमोर बसून पोकू म्हणायचे म्हंजे चार, मुळू म्हंजे पाच. ज्याच्या मालाचा भाव चाललाय तो समोर बसलेला, पण त्यालाच पत्ता नाही! आजची कॅटेगरी, रँक, कळलं, ही तशीच भाषा आहे. फरक एवढाच, की ती आपल्याला कळते. कळावी म्हणूनच बोलतात.

1972 साली ढसाळांचा 'गोलपिठा' आला. विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. त्यातल्या कित्येक शब्दांचे अर्थ एवढ्या मोठ्या लेखकाला कवीलाच विचारावे लागले. आपले शब्द त्यांना परके, म्हणून अर्थाची यादी लागते. मग आपल्यावर फेकलेल्या शब्दांची यादी कोण करणार? 'चांभारचौकशी' आजही लोक सहज बोलतात. चर्मकाराचं पोरगं वर्गात शंका विचारतंय आणि गुरुजी म्हणतात, चांभारचौकश्या बंद कर. त्या पोरानं पुन्हा हात वर करायचा का नाही, सांगा. 'धेडगुजरी' तर मोल्सवर्थच्या शब्दकोशातनं चालत आलाय, आणि शिकलेली माणसं तो अजून खुशाल लिहितात. कुणाला सांगितलं तर म्हणतात, अहो, तो नुसता शब्दप्रयोग आहे. असू दे. मग तुमच्या जातीचा एक शब्दप्रयोग करू का?

एक शब्द मात्र मला पोरांना परत द्यायचाय. 'ढ'. मला शाळेत किती वर्षं ढ म्हणायचे! त्याची गोष्ट अशी सांगतात, की लिपीतली बाकीची अक्षरं दोन हजार वर्षांत बदलत गेली, पण ढ तसाच राहिला. म्हणून वर्ग न बदलणारा पोरगा ढ. आता अशोकाच्या शिलालेखातली धम्मलिपी काढून बघा. डोक्यावरची रेघ सोडली तर खरंच तोच ढ आहे. अशोकानं कोरला तसा. म्हंजे मास्तर मला अडाणी म्हणत होते आणि माझ्या कपाळावर अशोकाचं अक्षर काढत होते! पोरांनो, कुणी ढ म्हटलं तर हे सांगा. पण पास व्हा. ते आधी.

आता जे बोलायला मी आलो ते बोलतो. इतका वेळ टाळत होतो.

मी सातवीत होतो. हंगाम चालू झाला की बीडकडनं, पाथर्डीकडनं टोळ्या यायच्या. कालव्याच्या कडंला कोप्या पडायच्या. त्यांची दोनचार पोरं आमच्या वर्गात येऊन बसायची, पट्टा पडला की गायब. शहरातल्यांसाठी सांगतो. ऊसतोडीत 'एक कोयता' म्हंजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. माणसाचं मोजमाप हत्यारावर! 2022-23 पासनं तुमच्या पुण्याच्या पेपरात कोयता गँग, कोयता गँग चाललंय. तुम्हाला कोयता म्हटलं की गाडीची काच फोडणारं पोरगं दिसतं. मला दिसतं ते वेगळं आहे.

एक पोरगा होता. बारका, काळा, दोन्ही हातांना उसाच्या पात्यांचे चरे. त्याचं नाव मला आज आठवत नाही. कारण आम्ही त्याला नाव ठेवलं होतं, 'हाफ कोयता'. बारका म्हणून हाफ. कुणी ठेवलं? मी ठेवलं. मी, जयभीमवाला, ज्याला स्वतःला मधल्या सुट्टीत काय काय ऐकावं लागत होतं. पण त्या पोराला हाफ कोयता म्हटलं की मागच्या बाकावरची बड्या घरची पोरं हसायची, आणि त्या हसण्यात मला घ्यायची. तेवढी पाच मिनिटं मी त्यांच्यातला असायचो. माझी मजुरी तेवढीच.

तो वर्गात एक दिवस यायचा, तीन दिवस नाही. गुरुजी हजेरीत खाडा मांडायचे. एकदा मी वाढं आणायला त्यांच्या फडाकडं गेलो, तर हा उसात. पहाटेपासनं. पुढं आई तोडत होती, मागं हा मोळ्या बांधत होता. बाप मागच्या हंगामात गेला होता. उचल अंगावर तशीच. मुकादमानं आईला म्हटलेलं, कोयता पुरा कर नाहीतर पैसे फेड. म्हणून पोरगं उभं केलं. म्हंजे तो खरंच अर्धा कोयता होता. आम्ही ठेवलेलं नाव मुकादमाच्या वहीत आधीच लिहिलेलं होतं. तो शाळेत आला की मुकादमाच्या वहीत खाडा, आणि फडात गेला की गुरुजींच्या.

त्यानं मला बघितलं. काही बोलला नाही. मोळी बांधताना मान खाली घातली, भाचीनं बाकावर घातली तशीच. मी वाढं न घेताच परत आलो. दुसऱ्या दिवशी मी त्याला त्या नावानं हाक मारली नाही. पण दुसऱ्यांना थांबवलंही नाही. पट्टा पडला, कोप्या मोडल्या, तो गेला.

म्हणून आज आपल्या पोरांनाही विचारतो. मांगाच्या पोराला तुम्ही काय म्हणता? पालावरच्या, पारध्याच्या, वडाराच्या पोराला काय म्हणता? क्रिकेट खेळताना काय म्हणता ते मी ऐकलंय, बाहेर ओट्यावर बसून ऐकलंय. लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' 1980 चं, लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' 1987 चं. घरात फोटो सगळ्यांचे लावता, पुस्तकं ह्यातली किती वाचली? त्यांच्या शिव्या तुमच्या तोंडात आणि तुमच्यावरच्या शिव्यांना मोर्चा, हे चालणार नाही. कुणाला राग आला असंल तर येऊ द्या. मलाही स्वतःचा येतो.

आता कामाचं. ही दोनशे पानी वही आणलीय. तीन रकाने आखलेत. शब्द काय, कुणी कुणाला म्हटला, आणि तेव्हा जवळ कोण होतं. शाळेतल्या पोरांची नावं लिहायची नाहीत. तेरा वर्षांच्या पोरावर केस घालायला आपण बसलो नाही, त्यानं तो शब्द घरातनं आणलाय. वर्ग लिहा, जागा लिहा. मोठ्या माणसानं म्हटलं असंल, गुरुजी असो का सरपंच, तर तारीखवार लिहा, साक्षीदारासकट.

हेडमास्तरांकडं दोनच मागण्या न्यायच्यात. फॉर्म भरताना वर्गात कुणाला उभं करायचं नाही, पालकांना ऑफिसात बोलवा आणि तिथं भरा. आणि भाचीचा फॉर्म ह्या वर्षीचा राहिलाय तो भरून घ्या. ती तयार आहे. आईबरोबर स्वतः सही करायला येते म्हणाली, फक्त वर्गात नको. तिची आई त्या दिवशीची खुरपणी बुडवून येणार आहे, म्हंजे तिचाही खाडा पडणार. तिसरी मागणी कुणाला सुचली असंल तर आत्ता बोला, तिथं गेल्यावर बडबड नको.

वही मागच्या पोराकडं देतोय, फिरवा. पहिल्या पानावर पहिला शब्द मी लिहिलाय, 'हाफ कोयता'. कुणी म्हटला त्या रकान्यात माझं नाव आहे. सोमवारी अकराला शाळेत जायचंय. येणाऱ्यांनी साडेदहाला स्टँडवर जमा. जय भीम.